कायदा जगभर खुला झाला, आपण तो वाचणार कधी?

कायद्याचे अज्ञान ही सबब कोणत्याही न्यायालयात चालत नाही. शेतमजूर असो की कारखानदार, प्रत्येकाला कायदा माहीत आहे असे न्यायव्यवस्था गृहीत धरते. ठीक आहे. परंतु मग आम्ही विचारतो, ज्याला कायदा माहीत असलाच पाहिजे, त्याने तो वाचायचा कुठे? पंचवीस-तीस वर्षांपूर्वी या प्रश्नाला एकच उत्तर होते, आणि ते म्हणजे पैसेवाल्या वकिलाच्या कपाटात! नागपूरहून १९२२ पासून निघणारे 'एआयआर', १८९९ पासूनचे 'बॉम्बे लॉ रिपोर्टर', १९६९ पासूनचे 'एससीसी' यांचे जाडजूड खंड ज्याच्या कार्यालयात भिंतभर लागलेले असत, तो मोठा वकील. ज्याच्याकडे ते नसत, त्याने जिल्ह्याच्या बार लायब्ररीत जावे, तिथल्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असेल त्याची वाट बघावी, आणि हवा तो खंड नेमका कुणीतरी घरी नेलेला आहे हे ऐकून परत यावे, अशी रीत होती.

कायदा सर्वांचा, पण कायद्याची पुस्तके मूठभरांची! ज्या समाजाला शतकानुशतके ग्रंथांपासून दूर ठेवले गेले, त्या समाजाला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही.

आज ही परिस्थिती बदलली आहे. जगातल्या कितीतरी देशांचे कायदे, न्यायनिर्णय, करार आणि संसदेतील चर्चा मोबाईलवर फुकट वाचता येतात. ही क्रांती सरकारांनी आपण होऊन केलेली नाही. त्यासाठी जगभरातल्या प्राध्यापकांनी, ग्रंथपालांनी आणि कार्यकर्त्यांनी तीस वर्षे झगडा दिला. त्या झगड्याचा इतिहास आणि त्यातून उभी राहिलेली साधने या दोन्ही गोष्टी चळवळीतील वकिलांना, कायद्याच्या विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना ठाऊक असल्या पाहिजेत. म्हणून हा लेखप्रपंच.

कायदा ही कुणाची मालमत्ता?

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९९२ साली पीटर मार्टिन आणि थॉमस ब्रूस या दोघांनी लीगल इन्फर्मेशन इन्स्टिट्यूट सुरू केली. कायदा इंटरनेटवर फुकट ठेवायचा, एवढीच त्यांची कल्पना. १९९५ साली ऑस्ट्रेलियात सिडनीतील दोन विद्यापीठांनी मिळून 'ऑस्टएलआयआय' उभी केली. २००० साली ब्रिटन आणि आयर्लंडसाठी 'बेली' आली, कॅनडासाठी 'कॅनएलआयआय' आली. पुढे दक्षिण आफ्रिकेसाठी 'सॅफली', प्रशांत महासागरातील बेटांसाठी 'पॅकएलआयआय' आणि या सर्वांना एका ठिकाणाहून शोधता यावे म्हणून 'वर्ल्डएलआयआय' झाली. २००२ साली या संस्था कॅनडातील माँट्रियल येथे एकत्र आल्या आणि त्यांनी एक जाहीरनामा केला. सार्वजनिक कायदेविषयक माहिती ही मानवजातीची सामायिक मालमत्ता आहे, ती सर्वांना विनामूल्य मिळाली पाहिजे, असा त्याचा आशय आहे.

सामायिक मालमत्ता! तळे सार्वजनिक आहे असे म्हणणे आणि त्यातले पाणी भरू देणे, या दोन गोष्टींत किती अंतर असते हे महाडने आपल्याला शिकवले आहे. कायद्याचेही तसेच आहे. न्यायाधीशाचा पगार जनतेच्या पैशातून, न्यायालयाची इमारत जनतेच्या पैशातून, परंतु त्याने लिहिलेला निर्णय वाचायचा तर जनतेने खाजगी प्रकाशकाला वर्गणी द्यायची, हा न्याय कुठला?

अमेरिकेत हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. जॉर्जिया राज्याने आपल्या अधिकृत कायदेसंहितेवरील टिपांवर कॉपीराईट सांगितला. कार्ल मालामूद यांच्या 'पब्लिक रिसोर्स' या संस्थेने ती संहिता सरळ इंटरनेटवर टाकली. राज्याने दावा लावला. २७ एप्रिल २०२० रोजी अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने निकाल दिला की, कायदेमंडळाने आपल्या अधिकारात तयार केलेल्या मजकुरावर कुणाचीही मालकी असू शकत नाही. जगातल्या सर्वात श्रीमंत लोकशाहीत सुद्धा हा साधा मुद्दा एका मताने जिंकावा लागला, हे लक्षात घ्या. त्याच देशात संघीय न्यायालयांची कागदपत्रे बघण्यासाठी 'पेसर' नावाची सरकारी यंत्रणा पानाला दहा सेंट घेते. त्यावर उपाय म्हणून 'कोर्टलिसनर' या संकेतस्थळाने एकाने विकत घेतलेला कागद सर्वांना फुकट मिळेल अशी सोय केली. हार्वर्ड विद्यापीठाच्या लॉ लायब्ररीने तर सुमारे चाळीस हजार जुने खंड स्कॅन करून साठ लाखांहून अधिक अमेरिकन निर्णय लोकांसाठी मोकळे केले.

आपल्या देशातही हा प्रश्न आला होता. १२ डिसेंबर २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात स्पष्ट केले की, न्यायालयाच्या मूळ निर्णयाचा मजकूर सर्वांसाठी खुला आहे. प्रकाशकाने स्वतः लिहिलेला सारांश आणि त्याने केलेली परिच्छेदांची मांडणी तेवढी त्याची. आपल्या कॉपीराईट कायद्यातील कलम ५२ मध्येही न्यायालयाचा निर्णय पुन्हा छापण्याची मुभा आहे, न्यायालयाने मनाई केली नसेल तर. म्हणजे निर्णयाची झेरॉक्स वाटणाऱ्या कार्यकर्त्याने कुणाला घाबरण्याचे कारण नाही.

आपल्या घरचे भांडार

२००८ साली अमेरिकेत संगणकशास्त्राचे शिक्षण घेणाऱ्या सुशांत सिन्हा या तरुणाने 'इंडियन कानून' हे संकेतस्थळ सुरू केले. आज तालुक्याच्या वकिलापासून उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींपर्यंत सर्वांच्या बोटाखाली ते असते. २ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचे अधिकृत निर्णय 'ई-एससीआर' या नावाने विनामूल्य खुले केले. सुरुवातीलाच त्यात सुमारे ३४ हजार निर्णय होते. त्याच वर्षी प्रत्येक निर्णयाला न्यायालयाचा स्वतःचा क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. वर्ष, 'आयएनएससी' ही अक्षरे आणि अनुक्रमांक, बस्स. आता दाखला देण्यासाठी अमुक प्रकाशकाचा खंड आणि पान सांगितलेच पाहिजे, अशी सक्ती उरली नाही. छोटी वाटणारी ही गोष्ट गरीब वकिलाच्या दृष्टीने फार मोठी आहे.

याशिवाय केंद्राचे आणि राज्यांचे कायदे 'इंडिया कोड'वर आहेत. महाराष्ट्र शासनाचे शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर मराठीत आहेत. 'ई-कोर्ट्स'वर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की तालुका न्यायालयातील खटल्याची पुढची तारीख आणि झालेले आदेश दिसतात. संविधान सभेतील ९ डिसेंबर १९४६ पासूनची चर्चा उपलब्ध आहे. बाबासाहेबांचे महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेले इंग्रजी लेखन आणि भाषणांचे खंडही इंटरनेटवर वाचता येतात.

एक उदाहरण देतो. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर. होय, चवदार तळ्याचा खटला! मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिलेला हा निर्णय इंडियन कानूनवर आहे. तळ्यावर फक्त सवर्णांनीच पाणी भरण्याची प्राचीन रूढी आहे असे वादी म्हणत होते, आणि ती रूढी त्यांना सिद्ध करता आली नाही म्हणून त्यांचे अपील फेटाळले गेले. चवदार तळ्यावर आपण भाषणे किती केली! दर २० मार्चला महाडला जाणाऱ्या लाखोंपैकी किती जणांनी हा निर्णय वाचला आहे? सत्याग्रह १९२७ साली झाला आणि कोर्टातली लढाई त्यानंतर दहा वर्षे चालली. ती बाबासाहेबांनी पुराव्याच्या बळावर जिंकली. तो निर्णय वाचण्यासाठी आज एक रुपयाही लागत नाही.

जुन्या निकालाचा सापळा

फुकट मिळते म्हणून जे सापडेल ते उचलावे, असे मात्र नाही. शोध घेण्याला शिस्त लागते. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचेच उदाहरण घेऊ, कारण तिथे चुकीच्या दाखल्याची किंमत पीडित कुटुंबाला मोजावी लागते.

२० मार्च २०१८ रोजी डॉ. सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी निर्देश दिले की, गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी करता येईल, अटकेपूर्वी वरिष्ठांची मंजुरी लागेल. २ एप्रिल २०१८ रोजी देश बंद झाला. ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घालून हे निर्देश निष्प्रभ केले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी पुनर्विलोकनात तीन न्यायमूर्तींनी ते निर्देश मागे घेतले. १० फेब्रुवारी २०२० रोजी पृथ्वीराज चौहान खटल्यात कलम १८-अ वैध ठरवले गेले. आता समजा, एखाद्याने शोधपेटीत 'अॅट्रॉसिटी प्राथमिक चौकशी' असे टाकले आणि २०१८ चा निर्णय समोर आला. निर्णय खरा आहे, सर्वोच्च न्यायालयाचा आहे, संकेतस्थळावर पूर्ण उपलब्ध आहे. परंतु त्यातले ते निर्देश आज जिवंत नाहीत! आरोपीचा वकील तो निर्णय पुढे करतो तेव्हा फिर्यादीच्या बाजूने उभे राहणाऱ्याला पुढच्या तीन पायऱ्या माहीत नसतील, तर काय होईल हे सांगायला नको.

आणि पृथ्वीराज चौहानचा निर्णय तरी पूर्ण वाचला पाहिजे. तक्रारीवरून प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल, तर अटकपूर्व जामिनावरील बंदी लागू होणार नाही, असेही त्यात म्हटले आहे. आपल्याला सोयीचे तेवढे वाचणारा कार्यकर्ता सभेत टाळ्या मिळवतो, न्यायालयात मात्र तोंडघशी पडतो. प्रथमदर्शनी गुन्हा दिसेल अशी फिर्याद पहिल्याच दिवशी नीट लिहिली जावी, हा या निर्णयातून घ्यायचा धडा आहे. घटना कुठे घडली, तिथे कोण लोक हजर होते, कोणते शब्द उच्चारले गेले, हे फिर्यादीत आलेच पाहिजे. कारण ५ नोव्हेंबर २०२० च्या हितेश वर्मा निर्णयात घराच्या चार भिंतींच्या आत, लोकांच्या दृष्टीआड झालेला अपमान त्या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने धरले आहे.

तारखांचेही तसेच. कलम ३(२)(५) मध्ये पूर्वी गुन्हा जातीच्या कारणावरून घडला हे दाखवावे लागे. २६ जानेवारी २०१६ पासून पीडित व्यक्ती त्या जाती-जमातीची आहे हे माहीत असताना गुन्हा केला, एवढे पुरते. हा फरक २७ एप्रिल २०२१ च्या पाटन जमाल वली निर्णयात उलगडून सांगितला आहे. म्हणजे २०१६ नंतरच्या घटनेला २०१० सालचा निर्णय लावायचा की नाही, हे आधी घटनेची तारीख पाहून ठरवायचे असते. त्याच दुरुस्तीने आलेल्या कलम १५-अ प्रमाणे जामिनाच्या वेळी पीडिताला नोटीस देणे आणि त्याचे म्हणणे ऐकणे बंधनकारक आहे, असे २९ ऑक्टोबर २०२१ च्या हरिराम भांभी निर्णयात सांगितले आहे. हा एक निर्णय खिशात असलेला कार्यकर्ता पीडिताला जामीन सुनावणीच्या दिवशी न्यायालयात उभा करू शकतो.

आणखी एक खड्डा १ जुलै २०२४ पासून तयार झाला आहे. त्या दिवशी भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा जाऊन नवे तीन कायदे आले, आणि कलमांचे आकडे बदलले. खुनाचे ३०२ होते ते भारतीय न्याय संहितेत १०३ झाले. अटकपूर्व जामिनाचे ४३८ होते ते नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ झाले. गंमत अशी की, जुन्या संहितेत ४८२ म्हणजे गुन्हा रद्द करण्याचा उच्च न्यायालयाचा अंगभूत अधिकार होता, तो आता ५२८ मध्ये आहे. म्हणून नुसते '४८२' असे टाकून शोधाल, तर दोन वेगळ्या जगांतले निर्णय एकत्र समोर येतील. आकड्याबरोबर कायद्याचे नावही टाकावे.

थोडक्यात क्रम असा ठेवावा. आधी 'इंडिया कोड'वर कलमाचा आजचा मजकूर आणि दुरुस्तीची तारीख पाहावी. मग त्या कलमावरचा निर्णय शोधावा, आणि नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो अवतरण चिन्हांत टाकावा. निर्णय सापडला की तो किती न्यायमूर्तींचा आहे ते पाहावे, कारण दोघांच्या पीठापेक्षा तिघांचे आणि त्याहून पाचांचे वजन जास्त. त्यानंतर हा निर्णय पुढे कुणी उद्धृत केला आहे ती यादी उघडावी, तो उलटवला गेला का हे तिथेच कळते. सारांशावर कधी विसंबू नये, सारांश म्हणजे निर्णय नव्हे. आणि शेवटी प्रत काढायची ती शक्यतो न्यायालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. आपल्या खटल्यातील आदेशाची प्रमाणित प्रत मात्र नकला विभागातूनच घ्यावी लागते, इंटरनेटची छापील प्रत तिची जागा घेत नाही.

सातासमुद्रापलीकडचा कायदा कशाला?

काही मित्र विचारतात, आम्हाला उंब्रजच्या किंवा गंगाखेडच्या न्यायालयात उभे राहायचे आहे, आम्हाला लंडनचे निकाल काय करायचे? प्रश्न रास्त आहे. परकीय न्यायालयाचा निर्णय आपल्यावर बंधनकारक नाही. परंतु विचार म्हणून तो मोलाचा असतो. १९९७ च्या विशाखा निर्णयात कामाच्या ठिकाणी स्त्रियांना संरक्षण देताना आपल्या सर्वोच्च न्यायालयाने संयुक्त राष्ट्रांच्या 'सीडॉ' कराराचा आधार घेतला. उलट, १९९५ साली दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने फाशीची शिक्षा रद्द करताना आपल्या बचनसिंग निर्णयाची चर्चा केली. विचारांना व्हिसा लागत नाही! ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांवर परदेशी घटनांची उसनवारी केल्याचा आरोप होत होता. घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कुणाचा मक्ता नसतो, त्यामुळे उसने घेण्यात लाजण्यासारखे काही नाही, असे त्यांनी ठणकावून सांगितले. ज्यांचा नेता जगातल्या घटना वाचून बसला होता, त्यांनी आपली नजर तालुक्यापुरती ठेवायची काय?

आणि आता तर जातच सातासमुद्रापलीकडे गेली आहे. ब्रिटनमध्ये एका घरकामगार स्त्रीने मालकांविरुद्ध जातीवरून वागणुकीची तक्रार केली. १९ डिसेंबर २०१४ रोजी तिथल्या एम्प्लॉयमेंट अपील ट्रिब्युनलने चंधोक विरुद्ध तिर्की या प्रकरणात म्हटले की, कायद्यात 'जात' हा शब्द नसला तरी समता कायदा २०१० मधील 'वांशिक मूळ' या संज्ञेत ती बसू शकते. पुढे २०१८ साली ब्रिटिश सरकारने जातीविरुद्ध वेगळी तरतूद करण्याचे नाकारले, आणि त्यासाठी बोट दाखवले ते याच निर्णयाकडे. म्हणजे ब्रिटनमध्ये जातिभेदाविरुद्ध उभे राहणाऱ्याला हा निर्णय वाचणे भाग आहे. तो 'बेली'वर आहे. एक गोष्ट लक्षात ठेवा, बेली आणि ऑस्टएलआयआय यांच्यावरील निर्णय गूगलमध्ये सहसा सापडत नाहीत, कारण पक्षकारांच्या खाजगीपणासाठी त्यांनी ते दार बंद ठेवले आहे. त्या संकेतस्थळावर जाऊनच शोधावे लागते.

अमेरिकेत सिएटल शहराने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जातिभेदावर बंदी घातली. तो वटहुकूम शहराच्या संकेतस्थळावर आहे. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने विधेयक मंजूर केले, तेव्हा आपल्याकडे 'कॅलिफोर्नियात जातिबंदी कायदा' असे संदेश फिरले. परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरांनी त्यावर नकाराधिकार वापरला. विधेयक म्हणजे कायदा नव्हे! कॅलिफोर्निया विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रत्येक विधेयकाची वाटचाल दिलेली असते. ती दोन मिनिटे पाहिली असती, तर हा आनंदाचा फुगा फुगलाच नसता.

शेजारच्या नेपाळकडे तर आपले लक्षच नसते. तिथे जातीय भेदभाव आणि अस्पृश्यतेविरुद्ध २०११ सालचा स्वतंत्र कायदा आहे आणि २०१५ च्या संविधानात त्याविरुद्ध वेगळे कलम २४ आहे. आपल्या कायद्याशी तो ताडून पाहण्यासारखा आहे.

संयुक्त राष्ट्रांचे भांडारही असेच. वंशभेद निर्मूलनाच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९६८ साली मान्यता दिली. त्यातील 'वंशपरंपरा' या शब्दात जात येते, असे त्या कराराच्या समितीने २००२ च्या २९ व्या सर्वसाधारण शिफारशीत म्हटले आहे. भारत सरकारला ते मान्य नाही. दोन्ही बाजूंचे कागद संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या संकेतस्थळावर आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा रोजगारातील भेदभावाविरुद्धचा १११ वा करार भारताने १९६० साली स्वीकारला. त्यावर तज्ज्ञ समितीने भारताला वेळोवेळी विचारलेले प्रश्न 'नॉर्मलेक्स'वर मिळतात. सफाई कामगारांच्या प्रश्नावर काम करणाऱ्यांनी ते जरूर काढावेत. निवेदनात 'आंतरराष्ट्रीय पातळीवरही' असे मोघम लिहिण्यापेक्षा कराराचा आणि परिच्छेदाचा क्रमांक लिहिलेला अर्ज अधिकाऱ्याला बाजूला सारता येत नाही.

यंत्राने रचलेला खोटा कायदा

अलीकडे नवे संकट आले आहे. प्रश्न विचारला की क्षणात उत्तर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने. ती भाषा सोपी करून देतात, भाषांतराला मदत करतात, हे आम्ही नाकारत नाही. परंतु ती अस्तित्वात नसलेले निर्णय, तारीख आणि परिच्छेदासह, बेधडक रचून देतात. न्यूयॉर्कमधील दोन वकिलांनी विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात असे बनावट निर्णय दाखल केले आणि २२ जून २०२३ रोजी न्यायालयाने त्यांना पाच हजार डॉलरचा दंड केला. ६ जून २०२५ रोजी इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने अशाच प्रकरणांत वकिलांना कडक तंबी दिली. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांना या साधनांच्या वापरावर मर्यादा घालून दिली.

मोठ्या फर्मचा वकील दंड भरून मोकळा होईल. परंतु आपल्या समाजातला पहिल्या पिढीचा वकील एकदा खोटा दाखला देताना पकडला गेला, तर त्याच्याकडे आधीच संशयाने पाहणारी व्यवस्था त्याला आयुष्यभर विसरू देणार नाही. म्हणून नियम एकच. जो निर्णय न्यायालयाच्या किंवा विश्वासू संकेतस्थळावर स्वतःच्या डोळ्यांनी उघडून वाचला नाही, तो अर्जात लिहायचा नाही. तो यंत्राने सांगितला असो, मित्राने सांगितला असो की व्हॉट्सअॅपवर आला असो.

भाषा आणि लाज

दोन प्रश्न अजून शिल्लक आहेत. पहिला भाषेचा. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे वरिष्ठ न्यायालयांची भाषा इंग्रजी आहे. सर्वोच्च न्यायालयाचे काही निर्णय मराठी भाषांतरात उपलब्ध होऊ लागले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. परंतु अधिकृत मजकूर इंग्रजीच राहतो. भाषांतर समजून घेण्यासाठी वापरावे, दाखला मात्र इंग्रजी प्रतीतून द्यावा.

दुसरा प्रश्न पीडितांच्या लाजेचा. निर्णय खुले झाले तसे माणसांची दुःखेही खुली झाली. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. पोक्सो कायद्याच्या कलम २३ प्रमाणे बालकांचीही ओळख उघड करता येत नाही. निषेधाच्या भरात आपलेच कार्यकर्ते आदेशाची प्रत नावासकट गावभर पाठवतात, हे थांबले पाहिजे. न्यायासाठी लढताना आपल्याच मुलीची ओळख चव्हाट्यावर आणायची नसते.

आता कृती

कॅनडातील 'कॅनएलआयआय' कशी चालते ठाऊक आहे? तिथल्या वकील संघटनांनी आपल्या सदस्यांकडून दरवर्षी थोडी वर्गणी घेऊन तो खर्च उचलला, आणि सारा देश फुकट कायदा वाचतो. महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलला हे अशक्य आहे काय? तालुका न्यायालयांतील अत्याचार प्रकरणांचे निकाल शोधता येतील अशा स्वरूपात, पीडितांची नावे झाकून, एका ठिकाणी आले पाहिजेत, ही मागणी आम्ही करतो. निर्दोष सुटकांची कारणे एकत्र वाचता आली, तर तपास नेमका कुठे कच्चा राहतो ते समाजाला कळेल.

परंतु मागणी मान्य होईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. गावोगावी विहारे आहेत, त्यांत ग्रंथालये आहेत. तिथे एक संगणक, एक प्रिंटर आणि आठवड्यातून दोन तास देणारा एक कायद्याचा विद्यार्थी एवढे पुरेसे आहे. महिन्याला एक निर्णय काढावा, तो मोठ्याने वाचावा, त्याचा मराठीत सारांश करावा, आणि तो आज लागू आहे की नाही हे तपासून फाईलला लावावा. अत्याचार प्रतिबंधक नियम १९९५, त्यातील तपासाधिकाऱ्याच्या दर्जाचा नियम ७, मदतीचा नियम १२, जिल्हा दक्षता समितीचा नियम १७ एवढी चार पाने प्रत्येक विहारात भिंतीवर असावीत. एखादे कुटुंब रात्री पोलीस ठाण्यात बसलेले असेल तेव्हा हीच पाने कामाला येतील.

बाबासाहेब १९२२ साली बॅरिस्टर झाले ते एकेक पुस्तक पोटाला चिमटा काढून मिळवून. आपल्याला तो चिमटाही काढावा लागत नाही. कपाटाची किल्ली आता कुणाच्याच खिशात नाही. दार उघडे आहे. आत जाऊन वाचण्याचे कष्ट मात्र आपल्या वतीने दुसरे कुणी करणार नाही.